चिंतामणरावांची सही

वसईच्या शाखेत काउंटरवर असताना आगाशीचे एक वृद्ध बागायतदार जुनी दहाची नोट घेऊन आले होते. वर सहावा जॉर्ज, खाली सी. डी. देशमुखांची सही. बदलायची नव्हती, नुसती दाखवायची होती. या माणसाने मुंबईपायी मंत्रिपद सोडले, हे ते मला सांगत होते. मला चिंतामणराव ठाऊक होते ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून, तेही बढतीच्या परीक्षेपुरते!

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, आय.सी.एस., १९४३ साली गव्हर्नरपद, १९५० पासून नेहरूंचे अर्थमंत्री, १९५२ साली कुलाब्याचे खासदार. मेघदूत मराठीत आणणारा हा गृहस्थ मोर्चात घोषणा देणारा नव्हेच.

१६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले, की मुंबई केंद्रशासित होणार. शहर पेटले, गोळीबारात माणसे पडली. नायगावची खाडी ओलांडून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या आमच्या वसईकरांना वाटेत कुठेतरी राज्याची हद्द लागली असती. देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. तो अडून राहिला; फेब्रुवारीचे अंदाजपत्रकही त्यांनीच मांडले. जुलैत मोकळे झाल्यावर लोकसभेत त्यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या. एवढा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नाही, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. नेहरूंना त्यांचे म्हणणे मान्य नव्हते. बँकेत हयात काढलेल्या माणसाला मात्र पहिला मुद्दा चटकन कळतो. कर्जदार कितीही सचोटीचा असो, मंजुरी कुणी आणि कोणत्या बैठकीत दिली हे आधी पाहावे लागते.

पण देशमुख ज्या रीतीसाठी भांडत होते, ती राज्यांच्या बाबतीत घटनेतच लेचीपेची आहे. तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याच्या सीमा बदलताना संबंधित विधिमंडळाचे मत मागवायचे. ते मानलेच पाहिजे असे नाही. डिसेंबर १९५५ च्या पाचव्या दुरुस्तीने तर हे मत किती दिवसांत द्यायचे, ती मुदत ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. १९५६ साली मुंबईच्या आमदारांपुढे मसुदा आला तो तीन तुकड्यांचा: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. त्यांनी त्यावर मते मांडली. ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केले भलतेच, विदर्भ-मराठवाड्यापासून सौराष्ट्र-कच्छपर्यंतचे द्वैभाषिक राज्य! ते पुन्हा आमदारांकडे आलेच नाही. बाबूलाल पराते यांनी याला न्यायालयात आव्हान दिले. मूळ विधेयकावर मत मागवले होते ना, मग पुढच्या बदलांसाठी परत विचारायला नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला.

कायद्याने जे आमदारांना दिले नाही, ते मतपेटीने दिले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमदार मोठ्या संख्येने निवडून आले आणि दिल्लीला फेरविचार करणे भाग पडले. १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्रात आली. त्याच वाटणीत आमच्या ठाणे जिल्ह्यातली उंबरगावकडची गावे मात्र गुजरातेत गेली. त्याची हळहळ मी लहानपणी घरात पुष्कळ ऐकली आहे.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगात आणि दिल्ली विद्यापीठात रमले. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते हैदराबादेत वारले.

आगाशीच्या आजोबांनी ती नोट पासबुकात घालून परत नेली. खात्यात भरता का, असे आमच्या कॅशियरने गमतीने विचारले, तेव्हा ते चांगलेच रागावले होते.