श्रद्धावंताची चिकित्सा

आस्तिक आणि नास्तिक यांच्या वादात एक समजूत दोन्ही पक्षांना सारखीच प्रिय असते. जिज्ञासा आपल्या घरी वस्तीला आहे आणि दुराग्रह तेवढा पलीकडच्या घरी नांदतो, असे दोघांनाही मनापासून वाटते. आचार्य धर्मानंद कोसंबी यांना या वादात कोणत्या बाजूला बसवावे, हे ठरविणे मात्र कठीण आहे. वेदप्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक, ही आपली जुनी व्याख्या लावली तर गोव्यातील सारस्वत कुळात जन्मलेले आणि पुढे बौद्ध झालेले कोसंबी नास्तिक ठरतात. परंतु भगवान बुद्धावरील त्यांची भक्ती अशी की तिच्यापुढे पुष्कळ आस्तिकांची भक्ती फिकी वाटावी.

गोव्यातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. नारळीच्या बागांची देखभाल हा घरचा व्यवसाय. 'बालबोध' मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या चार पानांनी त्यांना घराबाहेर काढले. १८९९ च्या अखेरीस ते निघाले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन, नेपाळची पायपीट, गयेची यात्रा, आणि अखेर १९०२ मध्ये सिंहलद्वीपातील विद्योदय विद्यालय. तेथे सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन झाले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या ज्ञानयात्रेचे गोडवे गाताना या माउलीने त्या वर्षांत काय सोसले असेल, याचा आपणांस सहज विसर पडतो.

पुढे कलकत्त्यास पाली शिकविण्याची नोकरी मिळाली. ती सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे वेतन पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून काम करता येणार होते. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले. नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना कारावासही घडला. हा सारा तपशील कोणत्याही कोशात सापडेल. त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात लागलेली दिसते.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. राजपुत्राने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, वैराग्य आले आणि मध्यरात्री निद्रिस्त पत्नीचा व मुलाचा त्याग करून तो निघून गेला. याच कथेच्या मोहिनीने आजवर असंख्य माणसे बुद्धाकडे ओढली गेली. कोसंबींनी ती मूळ पाली ग्रंथांशी ताडून पाहिली. तेव्हा असे आढळले की ही चार दृश्ये महापदानसुत्तात विपश्यी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येतात. ती गौतमाला मागाहून चिकटविली गेली. अरियपरियेसनसुत्तात तर गौतम आईबाप रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत घर सोडतो. शुद्धोदन हाही सार्वभौम राजा नसून शेतीभाती करणाऱ्या शाक्यांपैकी एक प्रमुख होता, असे त्यांनी दाखविले. भक्ताने आपल्याच देवाचा राजवाडा उतरवून ठेवावा, असा हा प्रकार होता.

मग घर सोडले ते कशासाठी? सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तात शस्त्र उगारलेल्या आणि थोड्या पाण्यातील मासळीप्रमाणे तडफडणाऱ्या माणसांना पाहून भय वाटल्याचा उल्लेख आहे. त्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह हे गृहत्यागाचे कारण असावे, असे अनुमान कोसंबींनी मांडले. पुढे डॉ. आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धचरित्रात चार दृश्यांची कथा बाजूला सारून याच कलहाला गृहत्यागाचे निमित्त मानले. हे अनुमान निर्विवाद आहे असे नव्हे. जातक-अट्ठकथेत हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे, ही मोठीच अडचण आहे. पण येथे विचार आधारांवर चालला होता, आणि आधारांवर चालणाऱ्या विचाराशी वाद घालता येतो.

त्याच ग्रंथातील मांसाहाराच्या चर्चेने मात्र वादळ उठले. चुंद लोहाराच्या घरच्या अखेरच्या भोजनातील 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस, हा अट्ठकथेतील अर्थ त्यांनी स्वीकारला. स्वतः निरामिषाचे पुरस्कर्ते असूनही त्यांनी तो लपविला नाही. त्या काळी जैन श्रमणही मांस घेत असत, असे त्यांनी जैन आगमांच्या आधारे पुढे लिहिले. जैन परंपरेला तो अर्थ मान्य नाही. समाजात क्षोभ उसळला, खटल्याच्या धमक्याही आल्या. कोसंबींनी लेखन मागे घेतले नाही. तथापि जैन धर्माविषयी त्यांच्या मनात कडवटपणाचा लवलेश नव्हता. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या पार्श्वनाथांच्या चार यामांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीर थकले तेव्हा अन्नत्यागाने देह ठेवण्याचा जो मार्ग त्यांनी निवडला, तोही जैन परंपरेतला. गांधीजींनी एकदा त्यांना त्यापासून परावृत्त केले होते. अखेर ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. जैन समाजाने ज्यांच्यावर रोष धरला त्यांचा अंत जैन मुनीसारखा झाला, हे त्यांच्या विरोधकांपैकी कितीजणांच्या ध्यानात आले असेल, कोण जाणे.

त्यांचे पुत्र दामोदर गणितज्ञ झाले आणि मार्क्सवादी झाले. बापाची श्रद्धा त्यांनी घेतली नाही. परंतु प्राचीन भारताचा इतिहास लिहिताना त्यांनीही पाली ग्रंथांनाच साक्षीला बोलाविले, आणि बापाप्रमाणेच चमत्कार वगळून त्यांतील शेते, पाणी, व्यापारी तांडे यांचा माग काढला. श्रद्धावान पित्याचे आणि निरीश्वरवादी पुत्राचे हे काम शेजारी ठेवले तर ते एकाच घराण्याचे वाटते. हेन्री वॉरन यांनी अर्धवट ठेवलेल्या 'विसुद्धिमग्गा'च्या ज्या संपादनासाठी धर्मानंद १९१० मध्ये प्रथम अमेरिकेला गेले, ती हार्वर्डची आवृत्ती १९५० साली छापून बाहेर पडली. तोवर त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.