हिंग, पेज आणि गार्सिया द ओर्ता

रमजानमध्ये दिवसभराच्या रोजानंतर इफ्तारीला भजी, समोसे जरा जास्त झाले की आंबट ढेकर येतात, छातीत जळजळते. मग येडशीच्या कोणत्याही घरात, ते हिंदूचे असो वा मुसलमानाचे, हिंग, जिरे आणि ओव्याचे डबे उघडतात. पोटाच्या अशा देशी उपचारांची नोंद साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याने करून ठेवली. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म सुमारे 1501 मध्ये पोर्तुगालमध्ये झाला. आईवडील मूळचे यहुदी, पण राजाच्या सक्तीमुळे त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले होते. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ओर्ता 1534 मध्ये गोव्यात उतरला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. पुढे मुंबई बेटही त्याला खंडाने मिळाले होते.

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा स्नेही. येडशीच्या पश्चिमेला असलेला परंडा किल्ला पुढे काही काळ ज्या निजामशाहीची राजधानी झाला, त्याच घराण्याचा हा सुलतान. त्याच्या दरबारात मुसलमान हकीम होते, हिंदू वैद्यही होते. ओर्ता दोघांशी चर्चा करी, दोघांकडून शिके. इब्न सिनाचे ग्रंथ त्याला ठाऊक होते. तरी ग्रंथात लिहिले म्हणून तो मानत नसे, स्वतः पाहून खात्री करी.

1563 मध्ये गोव्यात त्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक छापले गेले. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात हिंगावर स्वतंत्र प्रकरण आहे. इथले लोक हिंग रोजच्या जेवणात घालतात आणि तो पोटाला मानवतो, असे ओर्ताने नोंदवले. त्याने एक किस्साही दिला आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा उमदा घोडा पोटातल्या वाऱ्याने बेजार होता, म्हणून राजा तो विकत घेईना. चाऱ्यात हिंग दिल्यावर घोडा बरा झाला आणि राजाने तो घेतला.

उलटी-जुलाबाच्या जीवघेण्या साथीचेही त्याने बारकाईने वर्णन केले. मराठी माणसाच्या तोंडचा मोडशी हा शब्द त्याच्या पुस्तकात मोरशी होऊन आला, शेजारी अरबी हैजाही आला. इथले वैद्य अशा रोग्याला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हेही त्याने लिहिले. 1567 मध्ये पुस्तकाचा लॅटिन सारांश निघाला आणि ही माहिती युरोपभर गेली.

ज्याने सर्व धर्मांच्या लोकांकडून विद्या घेतली, त्याला स्वतःचा वडिलोपार्जित धर्म मात्र लपवावा लागला. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आले. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. 1580 मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली.

पुस्तक मात्र राहिले. पणजीतल्या एका उद्यानाला आज त्याचे नाव आहे. पोटाचे दुखणे धर्म पाहून होत नाही. त्यावर तोडगा सांगणाऱ्याचा धर्मही ओर्ताने कधी पाहिला नाही. इफ्तारीनंतर हिंगाची चिमूट हातात घेताना या माणसाचे स्मरण व्हावे.