विश्लेषण : हिंगणघाटला निधन पावलेल्या विल्यम लॅम्बटन यांच्याकडून आजच्या नकाशाकारांनी काय शिकावे?

मोबाइलवर नकाशा उघडला की आपण कुठे आहोत ते उपग्रहाच्या मदतीने कळते. पण समोरच्या वस्तीचे नाव काय, ओढ्यावरचा रस्ता पावसाळ्यात बंद होतो का, हे गावातल्या माणसालाच माहीत असते. धाराशिव जिल्ह्यात याचे मोल अधिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा, उमरगा भागातील अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. नाव तेच, जागा वेगळी. रुग्णवाहिका चुकून जुन्या गावठाणात पोहोचू नये, तर कोणीतरी तिथे जाऊन नोंद करायला हवी. अशी मोजणी भारतात शास्त्रशुद्ध पायावर उभी केली ती लॅम्बटन यांनी.

लॅम्बटन कोण होते?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील साध्या घरात त्यांचा जन्म झाला. सैन्यात भरती होऊन ते अमेरिकेत लढले आणि १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे युद्धकैदी झाले. पुढे कॅनडात अनेक वर्षे नोकरी करताना त्यांनी गणिताचा अभ्यास केला. भारतात आल्यावर १७९९ मध्ये ते श्रीरंगपट्टणच्या लढाईत होते. त्यानंतर त्यांनी दक्षिण भारत मोजण्याची योजना मांडली. कंपनी सरकारला नकाशे हवे होते ते महसूल आणि लष्करासाठी. लॅम्बटन यांना त्याबरोबर पृथ्वीचा आकारही जाणून घ्यायचा होता.

मोजणी कशी केली?

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे काम सुरू झाले. १०० फुटी साखळीने सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजायला ५७ दिवस लागले. त्यानंतर टेकड्या आणि मंदिरांच्या शिखरांवरून थिओडोलाइटने कोन मोजायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत पुढे जायचे. हे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि ते मोडले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले.

आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? बेंगळूरुजवळ त्यांनी १८०४ मध्ये दुसरी आधाररेषा मोजली. मद्रासहून त्रिकोणांनी काढलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो काही इंचांचा. १८१५ मध्ये अशीच आधाररेषा धाराशिवच्या पूर्वेला, बीदर परिसरात मोजली गेली.

प्रशिक्षणाचा संबंध काय?

मद्रासमध्ये १७९४ मध्ये सर्वेक्षण शाळा निघाली होती. सुरुवातीला विद्यार्थी होते अवघे आठ. त्याच शाळेत शिकलेले जोशुआ डी पेनिंग हे लॅम्बटन यांचे भरवशाचे सहायक ठरले. ही शाळा म्हणजेच आजच्या अण्णा विद्यापीठाचे गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालय. मात्र साखळी ओढणारे, झेंडे धरून टेकडीवर उभे राहणारे, तापाने दगावलेले असंख्य स्थानिक मजूर नकाशावर नावानिशी कुठेच नाहीत.

शेवट कसा झाला?

१८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट सहायक म्हणून आले. नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. एव्हरेस्ट यांनी १८४१ पर्यंत मोजणीची ही रांग हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. जगातल्या सर्वोच्च शिखराला पुढे एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन मात्र मागे राहिले.

आज याचा उपयोग काय?

२००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणीही आपल्या गावाची माहिती भरू शकतो. मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. झाडी, उंच भिंती असतील तर चूक वाढते. म्हणून विद्यार्थ्यांना फक्त अॅप वापरायला शिकवून भागत नाही. एकच विहीर दोघांनी वेगवेगळ्या वेळी नोंदवावी, वस्तीचे नाव तिथल्या लोकांना विचारावे, फरक आला तर पुन्हा जाऊन पाहावे. लॅम्बटन यांनी दुसरी आधाररेषा मोजली ती याच कारणासाठी. फरक इतकाच, की तेव्हा झेंडा धरणारा गावकरी निनावी राहिला. आज तो स्वतः आपल्या गावाचा नकाशा करू शकतो.