टिळकांनी वाट पाहिली

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत जी भजने टाळांच्या नादावर गायिली जातात, त्यांपैकी पुष्कळांच्या खाली नारायण वामन टिळक हे नाव असते. भजने आम्हांस पाठ आहेत. परंतु ती रचणाऱ्याच्या संसारावर ख्रिस्ताकडे येताना काय प्रसंग गुदरला, हे थोड्यांसच ठाऊक असते. ते येथे सांगावयाचे आहे. ज्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण ज्यांची बायकामुले अद्याप दूर राहिली आहेत, अशा बंधूंनी ते विशेष लक्ष देऊन वाचावे.

टिळकांचा जन्म इ. स. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे कोकणस्थ ब्राह्मण कुळात झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांचा स्वभाव कडक होता. मुलगा घर सोडून नाशिकास आला व तेथे शास्त्र्यांजवळ संस्कृत शिकला. पुढे नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. तिचे सासरचे नाव लक्ष्मीबाई. विवाहसमयी तिचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. माहेरी शिक्षण मुळीच नव्हते. वाचावयास तिला टिळकांनीच शिकविले.

संसार सुखाचा होता असे म्हणता येणार नाही. टिळक बुद्धीने तेजस्वी, पण स्वभावाने उतावळे व तापट होते. हाती पैसा आला की तो कोणास तरी देऊन टाकीत. एका गावी ते फार दिवस टिकत नसत. मनात आले की घर सोडून निघून जात, आणि मागे पत्नीने दिवस कसे काढावे याचा विचार नसे. थोर मनुष्याचे चरित्र लिहिताना अशा गोष्टी झाकून ठेवण्याची चाल आहे. मला ती पसंत नाही. प्रभूने ज्यास हाक मारिली तो असा होता.

इ. स. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराची प्रत दिली, आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथेच गुंतून राहिले. वर्णाश्रमाच्या बंधनांविषयी व धर्माविषयी जे प्रश्न त्यांस कित्येक वर्षे छळीत होते, त्यांची उत्तरे त्या प्रवचनात त्यांस सापडली. दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तारीख १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या नातलगांत होत्या. मुलगा दत्तू चार वर्षांचाही झाला नव्हता. बातमी कळताच घरात मृत्यू झाल्यासारखा आकांत झाला. वाचकहो, त्या बाईच्या जागी क्षणभर आपणांस ठेवून पाहा. त्यांच्या माहेरी सोवळे इतके कडक होते की बाजारातून आणिलेले जिन्नससुद्धा पाण्याने धुतल्यावाचून घरात घेत नसत. अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. नवरा जिवंत होता, म्हणून ती विधवा नव्हे. पण तो जातीबाहेर गेला, म्हणून त्याच्या घरी जाण्याची सोय उरली नाही. पुन्हा विवाह करणे त्या काळच्या उच्चवर्णीय स्त्रीस अशक्यच होते. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली.

इकडे टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आले व डॉक्टर ह्यूम यांच्या हाताखाली धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. जुने स्नेही तुटले, सोयरेधायरे तुटले, परंतु सर्वांत मोठी जखम पत्नीच्या व मुलाच्या वियोगाची होती. या ठिकाणी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. इ. स. १८६६ साली सरकारने ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहाविषयी एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको सहा महिने एकत्र राहावयास कबूल न झाल्यास, ख्रिस्ती झालेल्यास न्यायालयात दाद मागता येई, आणि ठरलेली मुदत संपल्यावर विवाह मोडून घेता येई. टिळकांचे वय त्या समयी तेहेतीस-चौतीस वर्षांचे. ख्रिस्ती समाजात नवा संसार थाटणे त्यांस कठीण नव्हते, आणि कायद्याने कोणी त्यांस दोषही दिला नसता. त्यांनी ती वाट धरिली नाही.

दुसरी वाट थांबण्याची. पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अशा घरांविषयी सांगितले आहे. विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर पतीने तिला सोडू नये, असा त्याचा बोध आहे. लक्ष्मीबाई तर आरंभी राजीही नव्हत्या. तरी टिळक पत्रे लिहीत राहिले. तू आलीस तर तुझ्या धर्मास व आचारास मी हात लावणार नाही, असा भरवसा त्यांनी दिला. ज्यांस घरात एक दिवसही धीर धरता येत नसे, त्या मनुष्याने चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली! त्यांच्या कवितेची स्तुती पुष्कळांनी केली आहे; मला मात्र त्या चार वर्षांचे नवल अधिक वाटते.

अखेर लक्ष्मीबाई मुलासह नगरास आल्या. त्या ख्रिस्ती होण्यास आल्या नव्हत्या, नवऱ्याजवळ राहावयास आल्या होत्या. टिळकांनी दिलेला शब्द पाळिला. त्यांच्या सोवळ्याओवळ्यास बाध येऊ नये अशी वेगळी व्यवस्था करून दिली. एकाच कुटुंबात एकाकडे येशूची प्रार्थना आणि दुसरीकडे सोवळ्याचा स्वयंपाक, असे काही काळ चालले. आमच्यातील एखाद्या उत्साही सुवार्तिकास हे रुचणार नाही. बाईवर दडपण आणून तिचा बाप्तिस्मा लवकर उरकावा, असे त्यास वाटेल. टिळकांनी तसे काही केले नाही. त्यामुळे लक्ष्मीबाईंस स्वतःचा विचार करावयास अवकाश मिळाला.

आणि त्यांनी विचार केला. मनुष्यांत जाती कोणी केल्या? देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले हे दिसते. ब्राह्मण आणि महार हा भेद त्याने कोठे केला? हा प्रश्न त्यांस कोणा मिशनऱ्याने घातला नाही. तो त्यांचा त्यांनाच सुचला, आणि त्याचे उत्तरही त्यांनीच दिले. ज्यांच्या माहेरी बाजारचे जिन्नस धुऊन घेत, त्या बाईने कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. जातीची भिंत पडल्यावर ख्रिस्ताचे वचन ऐकण्यास अडथळा राहिला नाही. इ. स. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.

ते वर्ष मोठ्या दुष्काळाचे होते. नवऱ्याच्या दानशूरपणावर पूर्वी ज्या चिडत, त्याच लक्ष्मीबाईंनी आता निराधार मुलांस आपल्या घरात घेऊन पोटच्या मुलांप्रमाणे वागविले. पुढे प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करावयासही त्या गेल्या. टिळकांचा स्वभाव अगदीच बदलला असे नव्हे. खटके उडतच असत. परंतु आता दोघांस एकमेकांजवळ परत येण्याची जागा होती. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता असे तरुणही त्यांच्या घरी मुलासारखे राहत. बालकवी ठोंबरे हे त्यांपैकीच एक.

पुढचे थोडक्यात सांगतो. टिळकांस १९०४ साली पाळकपणाची दीक्षा मिळाली. मराठी माणसाने ख्रिस्ताची उपासना आपल्या चालीवर व आपल्या वाणीने करावी, म्हणून त्यांनी भजने, अभंग व कीर्तने रचिली. शेवटची काही वर्षे ज्ञानोदय पत्राचा मराठी भागही ते पाहत. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यास घेतला व साताऱ्यास राहून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहों प्रकारच्या शिष्यांस एकत्र करण्याचा प्रयत्न आरंभिला. ते काम पुरे झाले नाही. तारीख ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेविला.

त्यांच्या मागे एक पोथीही अपुरी राहिली. प्रभूचे चरित्र ओवीत लिहावे या हेतूने त्यांनी ख्रिस्तायन आरंभिले होते, पण त्याचे सुमारे अकराच अध्याय त्यांच्या हातून झाले. ज्या मुलीस एके काळी अक्षरओळख नव्हती, जिने एके काळी ख्रिस्ताच्या नावाने आपला संसार बुडाला म्हणून टाहो फोडिला होता, तिने ती पोथी हाती घेतली. पतीच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षे खपून साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले आणि ख्रिस्तायन पुरे केले. १९३६ साली त्याही प्रभूकडे गेल्या.