हिंदी एडिसन म्हणून गाजलेल्या मुंबईच्या शंकर भिसेंचं छपाईचं यंत्र बाजारात का टिकलं नाही?

आज ऑफिसात एक बटण दाबलं की प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. त्यावरचं अक्षर कुणी बनवलं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र छापायचं प्रत्येक अक्षर आधी धातूत ओतावं लागायचं. हे काम झटपट आणि स्वस्तात करणारं यंत्र एका मराठी माणसाने बनवलं होतं. त्याच्यामागे दादाभाई नौरोजी उभे राहिले, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला आणि टाटांनी पैसे घातले.

त्याचं नाव शंकर आबाजी भिसे.

भिसेंचा जन्म 29 एप्रिल 1867 चा, मुंबईतला. इंजिनिअरिंगचं किंवा विज्ञानाचं रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतलं नाही. जे शिकले ते वाचून आणि हाताने खटपट करून. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं की संशोधकच व्हायचं आणि त्यासाठी इंग्लंड किंवा अमेरिका गाठायची.

पुढे मुंबईत त्यांनी सायंटिफिक क्लब काढला आणि एकामागून एक यंत्रं बनवायला घेतली. लोकलच्या प्रवाशांना पुढचं स्टेशन कोणतं ते दाखवणारी पाटी, कुणी छेडछाड करू शकणार नाही अशी बाटली, अशा त्यांच्या कल्पना असायच्या. एका वस्तूचं डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत रूपांतर होतंय असं भासवणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करायचे. हे प्रयोग त्यांनी थेट इंग्लंडमधल्या मँचेस्टरला जाऊन दाखवले होते.

त्यांचं नशीब फिरलं ते एका स्पर्धेमुळे. 1890 च्या दशकाच्या शेवटी एका ब्रिटिश मासिकाने किराणा दुकानदारांसाठी यंत्र सुचवायचं आव्हान दिलं. साखर, पीठ असा माल आपोआप तोलून देणारं यंत्र हवं होतं. भिसेंनी आराखडा पाठवला आणि ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून पहिला नंबर काढला. मुंबईतल्या पुढाऱ्यांनी या पोराला विलायतेला पाठवायचं मनावर घेतलं. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांच्या हाती शिफारसपत्र दिलं, ते लंडनमधल्या दादाभाई नौरोजींच्या नावे.

दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले. इंग्रज राज्य भारताची संपत्ती कशी वाहून नेतंय याचा हिशोब त्यांनी जगासमोर मांडला होता. देशाचं दारिद्र्य हटवायचं तर देशी उद्योग हवेत, असं मानणाऱ्या माणसासमोर एक देशी संशोधक येऊन उभा राहिला. दादाभाईंनी त्यांना नुसता आशीर्वाद दिला नाही. पैसे दिले, पेटंटच्या कामात लक्ष घातलं आणि गुंतवणूकदार शोधले.

लंडनमध्ये भिसेंनी विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी बनवली, ती क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप पाणी सोडणारा संडास असंही बरंच काही त्यांनी केलं. पण त्यांनी सगळा जीव ओतला तो एकाच यंत्रात. त्याचं नाव भिसोटाईप.

आता हे यंत्र नेमकं कशासाठी होतं?

जुन्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचा धातूचा एक छोटा खिळा असायचा. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतून तो तयार व्हायचा. मग जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. छापून छापून खिळे झिजायचे, की पुन्हा नवे ओतायचे. म्हणजे पुस्तक असो की वर्तमानपत्र, सगळं अडायचं ते खिळ्यांपाशी.

यावर अमेरिकेत दोन मोठे उपाय निघाले होते. ओटमार मर्गेनथेलरचं लायनोटाईप 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून या दैनिकात चालू झालं, ते अख्खी ओळ एकदम ओतायचं. टॉलबर्ट लॅन्स्टनचं मोनोटाईप एकेक खिळा ओतून ओळ जुळवून द्यायचं. दोन्ही यंत्रं कमालीची गुंतागुंतीची आणि महाग. छोट्या छापखान्याच्या आवाक्याबाहेरची.

भिसेंचा डाव इथेच होता. त्यांना खिळे ओतणारं साधं, वेगवान आणि स्वस्त यंत्र द्यायचं होतं. मिनिटाला 1200 खिळे हा त्यांच्या यंत्राचा आकडा तेव्हा सांगितला जायचा. असं यंत्र चाललं असतं तर त्याचा फायदा फक्त लंडनला झाला नसता. इंग्रजी छापायला लागतात त्याहून कितीतरी जास्त प्रकारचे खिळे आपल्या देवनागरीला लागायचे, कारण जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या सगळ्यांची सोय करावी लागते. स्वस्तात खिळे मिळणं ही आपल्याकडच्या छापखान्यांची मोठी गरज होती.

कल्पना होती, पेटंट होतं. अडलं ते भांडवलापाशी.

यंत्राचा एक नमुना बनवणं ही एक गोष्ट. त्याचा कारखाना काढायचा, सुटे भाग एकसारखे बनवायचे, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला माणूस पाठवायचा, आणि लायनोटाईपसारख्या धनाढ्य कंपन्यांसमोर टिकायचं, ही अगदी वेगळी गोष्ट. त्यासाठी 15,000 पौंड लागणार होते. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

दादाभाईंनी यासाठी आपले मित्र हेन्री हिंडमन यांना गाठलं. गंमत म्हणजे हिंडमन हे ब्रिटनमधले नावाजलेले समाजवादी. भांडवलशाही बुडणार असं सांगणारा हा माणूस भिसेंसाठी भांडवल उभं करायला निघाला. पण 1907 मध्ये आर्थिक संकट आलं, बाजार कोसळले आणि हिंडमन यांना पैसे काही उभे करता आले नाहीत. त्याच वर्षी थकलेले दादाभाई इंग्लंड सोडून कायमचे भारतात परतले. एकाच वर्षात भिसेंचा पैसाही गेला आणि पाठीराखाही.

1908 च्या डिसेंबरात भिसे मुंबईला जाणाऱ्या बोटीत बसले. वय 41. हातात पेटंटचे कागद आणि खिसा रिकामा.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. प्रवासात दोघांचं बोलणं झालं. गोखल्यांना या माणसाचं मोल कळलं आणि त्यांनी भिसेंची गाठ रतन टाटांशी घालून दिली. हे रतन टाटा म्हणजे जमशेदजींचे धाकटे चिरंजीव, पुढे सर झालेले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला मदत करणारे आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला सव्वा लाख रुपये देणारे हेच. त्यांनी भिसेंच्या यंत्रासाठी पैसे घातले आणि टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभं राहिलं. भिसे पुन्हा लंडनला जाऊन कामाला लागले.

आता सगळं जुळून येणार असं वाटत असताना 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्लंडमधले कारखाने दारूगोळ्याला जुंपले गेले. सिंडिकेटचा गाशा गुंडाळावा लागला. पुढे 1918 मध्ये सर रतन टाटाही गेले, तेव्हा ते जेमतेम 47 वर्षांचे होते.

भिसे युद्धकाळातच अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावले. 1920 च्या सुमारास तिथे त्यांच्या नावाची टाईप कॅस्टर कंपनीही निघाली. पण तोवर अमेरिकेतल्या छापखान्यांत लायनोटाईप आणि मोनोटाईप यांनी घट्ट पाय रोवले होते. कामगार त्याच यंत्रांवर शिकलेले, सुटे भाग त्याच कंपन्यांचे. चांगलं असलं तरी नवं यंत्र घ्यायला मालक तयार होईनात. भिसोटाईपमधून भिसेंना म्हणावा तसा पैसा कधीच मिळाला नाही.

त्यांच्या हाती यश आलं ते भलत्याच गोष्टीतून. आयोडीनपासून त्यांनी ॲटोमिडीन नावाचं औषध बनवलं आणि अमेरिकेत ते खपलं. औषधाला काय लागतं? सूत्र, बाटल्या आणि गिऱ्हाईक. कारखाना, सुटे भाग, दुरुस्तीची माणसं असला पसारा लागत नाही. यंत्राला जे भांडवल कमी पडलं, त्याची गरज औषधाला पडली नाही.

अमेरिकेतली वर्तमानपत्रं भिसेंना भारताचा एडिसन म्हणू लागली. खुद्द एडिसनच्या अखेरच्या दिवसांत दोघांची भेटही झाली. सुमारे 200 शोध आणि 40 च्या आसपास पेटंटं त्यांच्या नावावर सांगितली जातात. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.

या तुलनेत एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. एडिसनला अमेरिकेतल्या बँकर मंडळींचं पाठबळ होतं, आणि त्याच्या शोधांमागे कंपन्या उभ्या होत्या. भिसेंना दर वेळी एका मोठ्या मनाच्या माणसावर अवलंबून राहावं लागलं. दादाभाई परतले की काम थांबलं, हिंडमन अडचणीत आले की थांबलं, टाटांचं सिंडिकेट बंद पडलं की पुन्हा थांबलं. गुलाम देशातल्या संशोधकामागे उभी राहील अशी ना बँक होती, ना सरकार.

ते चित्र बदलायला स्वातंत्र्य यावं लागलं. भिसे गेल्यानंतर 20 वर्षांनी, 1955 मध्ये, गोदरेजने भारतात बनलेला टाईपरायटर बाजारात आणला. पुढची कित्येक दशकं आपल्या सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेरच्या टेबलांवर त्याची टकटक चालू राहिली. ऑफिसातलं छपाईचं यंत्र इथेच बनवून देशभर विकता येतं हे त्याने दाखवून दिलं. भिसेंच्या गावातच, मुंबईत.