कर्मवीर भाऊराव पाटील : ज्ञानदानाचे दीपस्तंभ

जैन धर्माने आहार, औषध, अभय व ज्ञान ही चार दाने श्रेष्ठ मानली आहेत. त्यातील ज्ञानदान ज्यांनी जातिपंथाच्या सीमा ओलांडून रयतेच्या दारी नेले, ते श्रावकरत्न म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. स्वसमाजाचे छत्र गेले, पण समतेचा निश्चय ढळला नाही.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी फिरले. जमीन, पैसा व विद्या मोजक्या घरांत एकवटलेली त्यांनी पाहिली. गरिबाचे मूल हुशार असले तरी शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसल्याने त्याचे शिक्षण थांबत असे. दारिद्र्यामुळे अज्ञान आणि अज्ञानामुळे पुन्हा दारिद्र्य, हे चक्र भेदण्यासाठी त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

धान्य संपले, तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने व अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. मात्र विद्यार्थी कायम दानावर अवलंबून राहावा, हे भाऊरावांना मान्य नव्हते. शेतात व बांधकामावर श्रम करून शिकण्याची ‘कमवा व शिका’ योजना त्यांनी रुजविली. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषाने १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभारले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब लाभला व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

औद्योगिक क्षेत्रामुळे आज बिडकीन परिसरात नवे धन येत आहे. ज्याच्याकडे विकण्यास जमीनच नव्हती, त्या शेतमजुराच्या मुलापर्यंत विद्या पोहोचली नाही, तर ही दरी अधिकच रुंदावेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या दानाचा एक वाटा, जात-पंथ न विचारता, अशा एका तरी मुलाच्या शिक्षणास लाभावा. हीच कर्मवीरांना खरी विनयांजली ठरेल.