चार बोटांचा फरक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चोवीस बांगड्या बिघडवल्या. एक नाही, दोन नाही, चोवीस! त्या बिघडल्या म्हणूनच हा लेख लिहायला बसलोय. पण लेख माझ्यावर नाही. तो आहे सातशे वर्षांपूर्वी पंढरपुरात होऊन गेलेल्या एका कारागिरावर, ज्यांचं मापही असंच चुकलं होतं. ते म्हणजे संत नरहरी सोनार.

आधी बांगड्यांचं सांगून टाकतो. आमचं घर रोह्याजवळ, धाटावला. धाटाव म्हटलं की लोकांना एमआयडीसी आणि केमिकल कंपन्या आठवतात. बाबा त्यातल्याच एका कंपनीत शिफ्टला जातात. पण आमच्या घरातही एक छोटा कारखाना आहे. आई मणी आणि तारेचे दागिने बनवते. बाहेरच्या खोलीत चटई, चटईवर पितळी तारेची वेटोळी, काचेच्या मण्यांचे डबे, दोन पकडी, एक कातर, झालं वर्कशॉप! कच्चा माल मुंबईहून, भुलेश्वरहून येतो. गणपती, लग्नसराई आणि संक्रांतीची हळदीकुंकवं म्हणजे तिचा सीझन.

खरं सांगायचं तर कॉलेजात मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे गृहिणी लिहायचं आणि मोकळं व्हायचं. इंजिनिअर होणाऱ्या मुलाची आई मणी ओवते, यात सांगण्यासारखं काय, असं मला वाटायचं. घरी असतानाही मी त्या चटईला वळसा घालून आत जायचो.

दिवाळीत एका लग्नघरची ऑर्डर होती. चोवीस बांगड्या, माप दोन-सहा. म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश, ६०.३ मिलिमीटर. आत ३ मिलिमीटर जाडीची पितळी तार आणि तिच्यावर बारीक तारेने गुंफलेले मणी. आईला नेमका ताप आला. मी ऐटीत म्हटलं, तारा मी कापून वाकवतो. परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास, उत्तर १८९.५ मिलिमीटर. चोवीस तुकडे कापले, वाकवले. ताप उतरल्यावर आई दोन दिवस मणी गुंफत बसली. सगळं झाल्यावर लग्नघरातून मापाला आलेली जुनी बांगडी तिने डबीतून काढली, माझ्या एका बांगडीवर ठेवली आणि गप्प बसली. माझी बांगडी दोन-चारची झाली होती. चोवीसच्या चोवीस!

मेकॅनिकलवाले एव्हाना हसले असतील. वाकवलेल्या तारेची लांबी तिच्या मध्यरेषेवर धरायची असते. व्यासात तारेची जाडी मिळवायला हवी होती. लांबी हवी होती १९८.९ आणि मी कापली १८९.५. त्यामुळे आतला व्यास बरोबर ३ मिलिमीटरने कमी भरला. बांगडीच्या दोन मापांत फरक असतो एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे जवळपास तेवढाच. आईला हे सूत्र ठाऊक नाही. ती त्या मापाच्या गोल दांड्याभोवती तार गुंडाळते आणि खूण करून कापते. त्यात जाडीचा हिशोब आपोआप होतो! पण माझी खरी चूक गणितातली नव्हतीच. मापाची बांगडी दोन हातांवर डबीत पडली होती आणि मी डबी उघडूनही पाहिली नव्हती.

आई रागावली नाही. लग्न चार दिवसांवर होतं. ती मणी उसवायला बसली, मलाही बसवलं आणि उसवता उसवता तिने नरहरी सोनाराची गोष्ट काढली. गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, पण चमत्काराची गोष्ट म्हणून. त्या रात्री ती मला पहिल्यांदा जॉबची गोष्ट म्हणून ऐकू आली.

नरहरी पंढरपूरचे. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, देवगिरीच्या यादवांचा. त्या वेळच्या पंढरपूरचा एक पक्का पुरावा आजही देवळात आहे, चौऱ्याऐंशीचा शिलालेख. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला ज्यांनी दानं दिली त्यांची नावं त्यात कोरलेली आहेत, खुद्द राजा रामदेवराय यादवाचंसुद्धा. म्हणजे देवाला दान देण्याची चढाओढ असलेलं ते गाव होतं. जिथे दान आणि दागिने, तिथे सोनार आलाच.

आणि सोनार म्हणजे साधा कारागीर नव्हे. त्याचं जग अगदी लहान मापांचं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. अलीकडचा ११.६६ ग्रॅमचा तोळा धरला तर एक गुंज भरते जेमतेम ०.१२ ग्रॅम. गुंज म्हणजे वेलीवरचं ते तांबडं-काळं बी. त्या बियांवर सोनं तोलायचं, मुशीत वितळवायचं, कांबी ठोकायची, मग जंतरातून तार ओढायची. जंतर म्हणजे एकाहून एक लहान भोकं पाडलेली पोलादी पट्टी. तार एकेका भोकातून ओढत बारीक करायची, ती ताठर झाली की विस्तवावर धरून मऊ करायची आणि पुन्हा ओढायची. आपण मटेरियल सायन्सला वर्क हार्डनिंग आणि अ‍ॅनिलिंग म्हणून जे पाठ करतो ते सोनाराच्या शेगडीपाशी पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

नरहरी या कामात एकदम तरबेज होते, असं सगळ्या कथा सांगतात. पण त्यांचा एक नेम होता. ते कट्टर शिवभक्त. शंकराशिवाय दुसऱ्या देवाचं नाव घ्यायचं नाही. पंढरपुरात राहून विठ्ठलाच्या देवळात कधी पाऊल टाकलं नाही. कळस नजरेला पडू नये म्हणून मान खाली घालून चालायचे म्हणतात. विचार करा, आषाढीला सगळा महाराष्ट्र ज्याला बघायला चालत येतो, तो दाराशी उभा आणि हे मान खाली घालून आपल्या दुकानात!

महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजय या ग्रंथामुळे नरहरींची कथा घरोघरी पोचली. एका सावकाराने नवस केला होता, मुलगा झाला तर विठ्ठलाला सोन्याचा कडदोरा घालीन. मुलगा झाला. सावकार पंढरपुरी आला आणि सर्वांत चांगला सोनार कोण म्हणून विचारत नरहरींकडे पोचला. नरहरींनी काम घ्यायला नकार दिला नाही. देवळात यायला मात्र नकार दिला. माप तुम्ही आणा, दागिना मी घडवतो. सावकाराने देवाच्या कमरेचं माप आणून दिलं. कडदोरा तयार झाला, देवाला घालून पाहिला, तर चार बोटं लांब! परत आणला, तेवढा कमी केला. पुन्हा घालून पाहिला, तर चार बोटं आखूड! सांगणाऱ्यागणिक आधी लांब की आधी आखूड हे बदलतं, पण चार बोटं कायम.

इथे मी आईला थांबवलं. ज्याच्या बोटांना ०.१२ ग्रॅम कळतो त्याचं माप चार बोटांनी चुकतं? चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर तरी झाले! माझ्या डोक्यातला इंजिनिअर कारणं शोधायला लागला. दोरा ताणला असेल. पितांबरावरून मापला असेल. विठ्ठलाचे तर दोन्ही हात कमरेवर, दोरा हातांच्या आतून नेला की बाहेरून? आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सगळं बघायला सोनार स्वतः का गेला नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं. माझ्या समोर ती डबी पडली होती.

पुढची कथा आपल्याला माहीत आहे. सावकार काकुळतीला आला तेव्हा नरहरी कसेबसे देवळात जायला तयार झाले, पण डोळ्यांना पट्टी बांधून. त्यांना हाताला धरून गाभाऱ्यात नेलं. त्यांनी चाचपडत मूर्तीला हात लावला आणि दचकले. हाताला लागली पाच मुखं, दहा हात, गळ्यात साप, कमरेला व्याघ्रांबर. हा तर आपला शंकर! घाईघाईने पट्टी सोडली, तर समोर कमरेवर हात ठेवून विठ्ठल उभा. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा हाताला शंकर. पुन्हा सोडली, पुन्हा विठ्ठल. शेवटी त्यांना उमगलं की दोन देव नाहीतच. ज्याला आयुष्यभर टाळलं तो आणि ज्याला आयुष्यभर पूजलं तो, एकच. मग उघड्या डोळ्यांनी त्यांनी कडदोरा घातला आणि तो अगदी बेतात बसला.

विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग आहे अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शैव आणि वैष्णव या भांडणावर वारकरी पंथाने दिलेलं ते उत्तर आहे, आणि नरहरींची कथा तेच उत्तर सोनाराच्या भाषेत देते.

मला स्वतःला यापुढचा भाग जास्त मोठा वाटतो. इतका मोठा साक्षात्कार झाल्यावर नरहरींनी दुकान बंद केलं नाही. ते ज्ञानेश्वर आणि नामदेवांच्या संतमेळ्यातले झाले. त्या मेळ्यात गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते, सेना न्हावी होते, चोखोबा होते. कुणी मडकी घडवत होतं, कुणी मळा शिंपत होतं. आपलं काम टाकून देवाकडे जा, असं त्यातलं कुणी सांगत नाही. नरहरींचे अभंग फार थोडे उरले आहेत, पण सगळ्यांत प्रसिद्ध अभंगात त्यांनी आपलं पूर्ण दुकानच मांडलंय. देह ही बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी. अंतरात्मा हे सोनं. तीन गुणांची मूस. विवेकाचा हातोडा, ज्ञानाचा ताजवा. आणि शेवटी हत्यारांची पोतडी खांद्यावर टाकून हा सोनार पलीकडच्या तीराला उतरतो. रोज हातात येणाऱ्या हत्यारांकडे ज्याने मन लावून पाहिलंय, तोच असं लिहू शकतो.

त्यांच्या आयुष्यातच काळ फिरला. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल केली आणि यादवांचं अलोट सोनं लुटून नेलं. पुढे ते राज्यही गेलं. नरहरींची समाधी शके १२३५ मधल्या माघ वद्य तृतीयेची मानतात, म्हणजे इसवी सन १३१४ ची सुरुवात. पंढरपुरात महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे आणि ठिकठिकाणचा सोनार समाज आजही त्या तिथीला त्यांची पुण्यतिथी करतो. ज्या देवळाकडे ते बघत नसत, त्याच देवळाच्या दाराशी ते कायमचे विसावले!

राजांचं सोनं गेलं. तो कडदोराही आज कुणी दाखवू शकणार नाही. उरलं काय, तर एका कारागिराची चूक आणि ती त्याने कशी सुधारली, एवढंच. माप चुकलं ते हात कच्चा होता म्हणून नाही. ज्याच्यासाठी घडवायचं त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं म्हणून. आपल्या फील्डमध्ये हे रोज घडतं. साइट न बघता ड्रॉइंग काढायचं, वापरणाऱ्याला न भेटता मशीन डिझाइन करायचं, आणि मग चार बोटं लांब नाहीतर चार बोटं आखूड. गणित बरोबर असतं, तरी बसत नाही.

आमच्या बांगड्या लग्नाच्या आदल्या रात्री झाल्या. या वेळी मी पहिली बांगडी वाकवली की लगेच डबीतल्या बांगडीवर ठेवून बघत होतो. वाया गेलेल्या चोवीस कड्यांना आईने नंतर वेगळे मणी लावले आणि संक्रांतीला दोन-चार मापाच्या म्हणून त्या विकल्यासुद्धा. तेवीस विकल्या. एक मी मागून घेतली. हॉस्टेलच्या खोलीत टेबलावरच्या खिळ्याला ती टांगलेली आहे. रूमपार्टनरने विचारलं, ही कुणाची? त्याच्या डोळ्यांतला संशय तुम्हाला कळला असेलच! मी त्याला सगळं सांगितलं. आईचा धंदा, चटई, भुलेश्वर, सगळं. त्याने फक्त एवढंच विचारलं की त्याच्या बहिणीसाठी एक सेट मिळेल का.

या सेमिस्टरला पुन्हा एक फॉर्म भरायचा होता. आईच्या व्यवसायापुढे मी लिहिलं, दागिने घडवणे. रकाना लहान होता, पण बरोबर बसलं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)